पायाचं माप

"आकडे सगळे माझ्याकडे आहेत, वस्ताद. मग अडलंय कुठं?"

रॉकेलच्या डब्यात बोटं बुडवून दस्तगीर वस्ताद नखांतलं काळं काढत बसले होते.

उल्काताई सरनोबतांनी वही त्यांच्यापुढं सरकवली. तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवत आलेली बाई. तिच्या वहीला समाससुद्धा पट्टीनं आखलेला.

"शाफ्ट कसा घासायचा, हेड किती उतरवायचं, दोन कार्बुरेटर कोणते, फ्लायव्हील किती हलकं करायचं... सगळं आहे. यांनी सांगितलेलं, मी उतरवलेलं."

"दिसतंय की."

"मग?"

"गाडी कोण चालवणार?"

"मी."

"आन् हे आकडे कुणाचे?"

उल्काताईंनी वहीचं पान उलटलं.

"यशोधनरावांचे," वस्तादच म्हणाले. "मग तुमचे कुठं हायत?"

कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकलगारांचं दुकान विचारलं तर आंधळाही हात धरून आणून सोडील. दुकान म्हणजे एक पत्र्याची खोली, एक घासायचं मशीन आणि एक म्हातारा. वस्तादांचे पणजे तलवारींना धार लावायचे. पुढं तलवारी भिंतीवर चढल्या, तेव्हा आज्यानं कात्र्या-सुऱ्या धरल्या, आणि दस्तगीरनं धरला मोटारीचा शाफ्ट.

हा शाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला एक दांडा. त्याच्यावर उंचवटे असतात. दांडा फिरतो, तशी इंजिनाची झाकणं उघडतात नि मिटतात. इंजिनानं श्वास कधी घ्यायचा आणि किती घ्यायचा, ते हा दांडा ठरवतो.

उंचवटा मोठा ठेवला, तर गाडी भरधाव असताना इंजिन पोटभर श्वास घेतं आणि गर्जतं, पण बाजारपेठेत धापा टाकतं, बंद पडतं. लहान ठेवला, तर हळू जाताना गोड चालतं आणि जोरात पळवलं की दम सोडतं. दोन्ही एकदम मिळत नाही. मिळतं म्हणणारे उद्यमनगरात पुष्कळ आहेत, पण त्यांच्याकडं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा जात नाही.

आणि नुसता शाफ्ट बदलून भागत नाही. पेट्रोल पाजणारा कार्बुरेटर, इंजिनाच्या डोक्यावरचं हेड, फिरतं जड फ्लायव्हील, गिअर, सगळी एका मताची लागतात. एकानं घाटाचं तोंड धरायचं आणि दुसऱ्यानं मंडईचं, असं झालं की गाडी धड इकडची नाही, धड तिकडची नाही.

उल्काताईंना हे सगळं ठाऊक होतं. शाळेत मुलींना लसावि-मसावि शिकवता शिकवता त्यांनी घरी हे शिकून घेतलं होतं, आणि तेही चांगली अकरा वर्षं.

यशोधन सरनोबत घाटातल्या शर्यतींत जुनी फियाट पळवायचे. उल्का डाव्या सीटवर. मांडीवर वही, त्यात प्रत्येक वळण लिहिलेलं. ती ओरडून वळण सांगायची आणि यशोधन डोळे झाकल्यासारखा गाडी आत घालायचा. गावात लोक म्हणायचे, नवराबायको संसार करतात की मरायला निघतात?

मग चाळिशी उलटली. यशोधनरावांनी एके दिवशी शर्यतीचं सगळं सामान इंजिनातून काढलं, तेलकट कागदात गुंडाळलं आणि साधं सामान बसवलं. "आता तुला शाळेला जायला होईल," म्हणाले. हसत म्हणाले, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी, दाढी अर्धी झालेली असताना, ते गेले.

आता गाडीचं इंजिन थकलं होतं. उघडून बांधावं लागणारच होतं. उल्काताईंनी माळ्यावरची पेटी काढली, तेलकट कागद सोडला. आतला शाफ्ट गंजानं खाल्ला होता. तरी त्यांनी तो पदरानं पुसला आणि थेट उद्यमनगर गाठलं.

"जशी होती तशी करून द्या," एवढंच त्यांचं मागणं होतं.

"अंथरूण बघून पाय पसरावं म्हणत्यात," वस्ताद हात पुसत म्हणाले. "माझ्याकडं उलटं हाय, वहिनीसाहेब. आदी पाय बघायचा. मग अंथरूण शिवायचं."

"पाय बघण्यासारखं काय आहे त्यात? अठरा वर्षं मी गाडी चालवते."

"कशी चालवता?"

"व्यवस्थित."

"व्यवस्थित म्हंजे कशी?"

आजवर हजारो मुलींना ज्या बाईनं फळ्यापुढं उभं करून असंच छळलं होतं, ती आता स्वतःच फळ्यापुढं उभी होती.

वस्ताद उठले. कोपऱ्यातल्या डब्यातून त्यांनी लिंबाएवढा एक गोळा काढला. शाडूची माती, ग्रीसमध्ये मळलेली. ही वाळत नाही, तडकत नाही, जसा दाब पडेल तशी दबते आणि तशीच राहते. इंजिन बांधताना पिस्टनच्या डोक्यावर हिचा तुकडा ठेवून ते आतली जागा मोजत. पण तिचा दुसराही एक उपयोग त्यांनी काढला होता, आणि त्यावरून अख्खं उद्यमनगर त्यांची टिंगल करत असे.

त्यांनी फियाटचं दार उघडलं, वाकले, आणि ॲक्सिलरेटरच्या पायपट्टीखाली तो गोळा चिकटवला.

"आठ दिस. रोज जाता तसं जायाचं, येता तसं यायाचं. खाली वाकून बघायचं न्हाई."

"आणि मग?"

"मग ही माती सांगंल, तसा शाफ्ट."

उल्काताईंना हसू आलं. गुजरीतल्या एका सराफाची गोष्ट त्यांनीही ऐकली होती. सराफाला वाघासारखी गाडी हवी होती. आठ दिवसांनी माती बघितली तर लाडू जसा दिला तसा! शेठजींचा पाय तिथवर पोचलाच नव्हता. वस्तादांनी त्यांना मऊ शाफ्ट घातला, छोटा कार्बुरेटर ठेवला आणि फक्त सायलेन्सर बदलून दिला. सराफ अजून सांगत फिरतो, वस्तादानं काय गाडी केलीय म्हणून.

"मी सराफ नाही, वस्ताद."

"न्हाई न्हाई," वस्ताद गंभीरपणे म्हणाले. "तुमी मास्तरीण."

पहिले तीन दिवस उल्काताईंनी नियम पाळला. घर ते शाळा. शाळा ते मंडई. मंडईतून बहिणीकडं, बहिणीकडून घरी.

चौथ्या दिवशी त्यांनी वाकून बघितलं.

नापास होण्याची भीती ही गणिताच्या बाईला सगळ्यांत जास्त असते. तिनं दुसऱ्यांना इतकं नापास केलेलं असतं, की ती वाट कुठं जाते हे तिला पाठ असतं.

गोळ्याच्या टोकाला जरासा चपटेपणा आला होता. बस्स. लाडवाला बोट लागावं तेवढा.

उल्काताई दार उघडं टाकून तशाच बसून राहिल्या. कान तापले होते.

रविवारी त्या पन्हाळ्याच्या रस्त्याला निघाल्या. दर रविवारी निघतच असत. कुणाला सांगत नसत. वाघबिळापर्यंत जायचं. तिथून रस्ता चढायला लागतो. तिथं टपरीवर चहा घ्यायचा, चढावाकडं बघत प्यायचा, आणि गाडी फिरवून परत यायचं. तीन वर्षांत एकदाही त्या वर गेल्या नव्हत्या.

का गेल्या नव्हत्या? इंजिन थकलंय, हे त्यांनी स्वतःला दिलेलं कारण होतं. कारण खोटं नव्हतं, अपुरं होतं. हीच गणिताच्या बाईची पंचाईत असते. खोटं उत्तर तिला खपवून घेता येत नाही, पण अपुरं येतं.

त्या रविवारी चहा निवला. चढावावरून एक ट्रक गिअर बदलत, धडपडत वर चालला होता. उल्काताईंना एकदम इतकी आठवण आली, की त्यांनी कप तसाच फळीवर ठेवला.

माणसाची आठवण येते तेव्हा चेहरा आठवतो म्हणतात. त्यांना चेहरा आठवेना. आठवला तरी अर्धी दाढी झालेला आठवायचा, आणि तो नको असायचा. त्यांना तो आवाज हवा होता. घाट चढताना इंजिनाचा पोटातून उठणारा, छातीच्या फासळ्यांना हलवणारा आवाज. त्या आवाजात दोघंही होते. बाकी कुठंच ती दोघं एवढी एकत्र नव्हती. ना लग्नात, ना मुलाच्या बारशाला, ना कुठल्या फोटोत.

मी वर जाईन तर त्या आवाजातच जाईन, असं त्या मनाशी म्हणाल्या आणि गाडी फिरवून घरी आल्या.

सातव्या दिवशी, घरच्या पोर्चमध्ये, गाडी उभी असताना, उल्काताईंनी चप्पल काढली. इकडंतिकडं बघितलं. मग पाय पट्टीवर ठेवला आणि तळापर्यंत दाबला. अख्ख्या वजनानं.

इंजिन ओरडलं. बिचारं थकलेलं इंजिन, ते काय ओरडणार! पण ओरडलं. शेजारच्या गच्चीतून कुणीतरी डोकावलं.

आठव्या दिवशी वस्तादांनी माती सोडवून घेतली. गोळ्याची भाकरी झाली होती.

त्यांनी ती उजेडाकडं धरली. चष्मा वर केला, खाली केला. बोटानं कडा चाचपली. मग डोळे मिटून पुन्हा चाचपली.

"बघा," उल्काताई म्हणाल्या. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "मी म्हटलं नव्हतं?"

वस्तादांनी माती उलटी करून बघितली.

"तळापर्यंत गेलाय पाय."

"व्हय... गेलाय."

"मग झालं तर."

"कितींदा गेलाय, वहिनीसाहेब?"

उल्काताईंनी पदर सावरला.

"चालत्या गाडीत पाय शंभरदा उतरतोय, शंभरदा उठतोय. माती थराथरानं दबते. कडंला सुरकुत्या पडत्यात. ही बघा." त्यांनी भाकरी उल्काताईंपुढं धरली. "एकच दाब. साफ. कडा गुळगुळीत. गाडी हुबी हुती तवा."

उल्काताईंनी मान खाली घातली. चोपन्न वर्षांची बाई, कॉपी करताना धरलेल्या पोरीसारखी.

त्यांना वाटलं, आता म्हातारा हसेल. म्हातारा हसला नाही. तेच वाईट झालं, कारण मग त्यांना राग आला.

"तुम्हाला काय करायचंय पाय कुणाचा ते? तुम्ही घासणारे! आकडे दिलेत ना? तेवढं घासून द्या!"

वस्ताद मशीनच्या मागं गेले. कापडात गुंडाळलेला एक दांडा घेऊन आले. कोरा शाफ्ट, चकचकीत, अजून एकही उंचवटा न घासलेला. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"हा एकच ऱ्हायलाय."

"दुसरा मागवता येईल."

"शाफ्ट यील. मशीन चाललं. सोमवारी इचलकरंजीचा माणूस उचलून नेतोय." ते स्टुलावर बसले. "आन् मी मिरजंला, लेकीकडं. डोळ्याला आता रेघ दिसत न्हाई. बोटाला अजून कळतंय, तवर एक घासतो म्हटलं. तुमच्यासाठनं ठेवलाय."

उल्काताईंचा राग जिथल्या तिथं विरला.

"एकदा घासला की घासला," वस्ताद म्हणाले. "घेतलेलं लोखंड परत लावता येत न्हाई. यशोधनरावांच्या मापानं घासतो, पायजे तर. आत्ता घासतो. पर मंडईत गाडी चार येळा बंद पडंल. शाळंच्या दारात मागनं हॉर्न वाजतील. चार दिस चालवाल. मग पोर्चमधी झाकून ठेवाल, अन् रोज सकाळी झाकण उचलून बगाल."

वस्तादांनी कोरा शाफ्ट पुढं सरकवला.

"तसं करायचं का?"

शेजारच्या कारखान्यातला लेथ जेवणाच्या सुट्टीला थांबला. एकाएकी फार शांत झालं.

"मला शर्यत लावायची नाही, वस्ताद," उल्काताई हळू म्हणाल्या. "वेग नको. काही नको. मला फक्त एकदा त्या आवाजात बसायचंय. एवढंच. एकदाच घाट चढायचा, तो आवाज ऐकत... मग तुम्ही म्हणाल ते."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की हे त्या आजपर्यंत कुणालाच बोलल्या नव्हत्या. मुलालाही नाही. तो तिकडं बंगळुरात बसून सांगतो, आई, ती गाडी विकून टाक.

वस्तादांनी चष्मा काढून पुसला. त्यांचेही डोळे भरले असावेत, पण म्हाताऱ्याच्या डोळ्याला नेहमीच पाणी असतं, सांगता येत नाही.

"कसा हुता आवाज?"

"तुम्हाला माहीत आहे की. तुम्हीच घासलेला तो."

"मी भायेर हुबा ऱ्हायाचो. आतनं कसा येत हुता, मला कुठं ठावं? ... काढून दावा."

"काय?"

"आवाज. तोंडानं."

"काहीतरीच काय, वस्ताद!"

"तुमाला पायजे ते मला कळाय नको?"

उल्काताईंनी दाराकडं बघितलं. गल्लीत कुणी नव्हतं. वस्तादांनी तो गंजलेला जुना शाफ्ट उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि समोर बसून राहिले. पोराला गोष्ट सांगायला बसवल्यासारखे.

उल्काताईंनी घसा खाकरला.

"घ्र्र्र..."

तो आवाज खाटकाच्या बोकडाला शोभला असता. दोघंही हसले. उल्काताई तर पदर तोंडाला लावून हसल्या. तीन वर्षांत असं हसणं झालं नव्हतं.

"पुन्यांदा," वस्ताद म्हणाले.

या वेळी त्यांनी डोळे मिटले. मांडीवर शाफ्टचं वजन होतं. हाताला गंज लागत होता. त्यांनी आवाज आठवला. सुरुवातीचा, खालचा. मग चढणारा. मग तो, फासळ्यांतला...

त्यांनी तोंड उघडलं.

"शंभर सरळ..."

त्या थबकल्या. हे काय निघालं तोंडातून? पण आवाज आता चढायला लागला होता, आणि थांबता येण्यासारखं नव्हतं.

"शंभर सरळ... डावं, लांब... सोडू नको, सोडू नको... उजवं, घट्ट, आतल्या अंगाला दगड... थांब... थांब... आता!"

वस्ताद स्टुलावरून उठले. गुडघे कुरकुरले. ते फरशीवर बसले, आणि उल्काताईंच्या उजव्या पायाकडं एकटक बघू लागले.

"पन्नास... डावं, उलटं फिरतंय... थांब... आता! चढ... चढ... उजवं, उघडं..."

उल्काताईंचा डावा हात मांडीवरच्या न दिसणाऱ्या वहीची पानं उलटत होता. आवाज वाढला होता. पूर्वी असंच ओरडावं लागायचं. शर्यतीनंतर चार दिवस घसा बसायचा आणि शाळेत फळ्यावर लिहूनच शिकवावं लागायचं. इंजिन एवढं गर्जायचं, की तिला तिचंच बोलणं ऐकू यायचं नाही.

आज येत होतं. पत्र्याच्या त्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत, तिला आपला आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"साठ सरळ... डावं, घट्ट... थांब..."

या वळणावर ती 'आता' जरा उशिरा म्हणायची. मुद्दाम. यशोधन वाट बघायचा. शंभर वेळा गेलेला घाट, त्याला काय वळण माहीत नव्हतं? पण तिनं म्हटल्याशिवाय तो पाय ठेवायचा नाही. त्या अर्ध्या क्षणात तो तिच्याकडं बघायचा देखील नाही, नुसता थांबायचा, तिच्या शब्दासाठी.

"थांब..."

पुढचा शब्द आला नाही. उल्काताईंच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. त्यांनी ते पुसलं नाही.

मग त्यांना पायाखाली मऊ काहीतरी लागलं.

त्यांनी डोळे उघडून खाली पाहिलं. वस्ताद फरशीवर मांडी घालून बसले होते. उल्काताईंच्या चपलेच्या टोकाखाली मातीचा नवा गोळा होता. कधी सरकवला होता, कुणास ठाऊक.

वस्तादांनी तो हलकेच काढून घेतला आणि उजेडाकडं धरला. गोळा तळापर्यंत दबला नव्हता. जसाच्या तसाही नव्हता. निम्म्याच्या जरा पुढं, थरावर थर बसले होते आणि कडेला बारीक सुरकुत्या होत्या, खूप साऱ्या.

"वळणाआदी उठतोय," ते बोटानं चाचपत म्हणाले. "सावकाश. मग बसतोय, पर दणकन न्हाई. धरून ठेवतोय. पुन्हा उठतोय..."

वस्तादांनी मान वर केली.

"हा कुणाचा पाय, वहिनीसाहेब?"

"गाडी हे चालवायचे," उल्काताई कशाबशा म्हणाल्या. "मी नुसती शेजारी बसायचे."

"व्हय."

"मी कधीच चालवली नाही घाटात."

"अकरा वर्सं चालवलीय की."

वस्तादांनी खडू घेतला. कोऱ्या शाफ्टवर एक बारीक रेघ ओढली. मग थांबून ती बोटानं पुसली आणि केसभर अलीकडं दुसरी ओढली. उल्काताईंनी बघितलं. वहीतल्या आकड्यापेक्षा उंचवटा बराच लहान होता. मंडईच्या शाफ्टपेक्षा बराच मोठा.

"एकच कार्बुरेटर," वस्ताद स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "हेड थोडंसं उतरवायचं. फ्लायव्हीलला हात न्हाई लावायचा... चढंल. शाळंला बी जाईल, वाघबिळाच्या वर बी जाईल. दम न्हाई सोडणार."

"वाघबिळाचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"टपरीवाला माझा साडू."

उल्काताईंना पुन्हा हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्या मांडीवरच्या जुन्या शाफ्टकडं बघत होत्या. विचारायचं धैर्य होत नव्हतं, कारण उत्तर ठाऊक होतं. पण ज्याचं उत्तर ठाऊक असतं तेच माणूस विचारतं, आणि दुसऱ्या कुणीतरी ते सांगावं म्हणून विचारतं.

"आणि... तो आवाज?"

वस्तादांचा खडू थांबला.

"न्हाई यायचा."

"कधीच?"

"कवाच न्हाई."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. लेथ अजून बंद होता.

उल्काताईंनी जुना शाफ्ट दोन्ही हातांनी उचलला. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा तो जड होता. क्षणभर त्यांनी तो पोटाशी धरला. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा त्यांनी असं काही पोटाशी धरलं नव्हतं. घर माणसांनी भरलं होतं, धरायला जमलंच नव्हतं.

मग त्यांनी तो टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, वहीवर ठेवला. गंजानं लाल झालेले हात पदराला पुसले. नाक ओढलं.

आणि खुर्चीत नीट, ताठ बसून त्यांनी पाय पुढं केला.

वस्तादांनी माती पुन्हा मळली. गोल केली. उल्काताईंच्या चपलेखाली सरकवली आणि खडू घेऊन खाली मान घातली.

"हं... फुडचं वळण सांगा."